शेवाळ खाणारा मासा

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरी कामांची वाटणी अगदी लोकशाही पद्धतीने होते, म्हणजे सौ. ठरवते आणि बाकीचे माना डोलावतात. तीन वर्षांपूर्वी माझ्या वाट्याला माळा, पुस्तकांची दोन कपाटे आणि दिवाणखान्यातली माशांची टाकी असे तीन प्रांत आले. माळा मी एका सकाळी सर केला. कपाटांनी दोन रविवार खाल्ले, कारण पुस्तक झटकायला हातात घेतले की ते उघडते आणि उघडले की वाचावेसे वाटते. ही अडचण घरच्यांना सांगून पटत नाही. टाकीकडे वळलो तेव्हा वसुबारस दोन दिवसांवर आली होती, आणि टाकीत मासे आहेत हे आम्ही केवळ पूर्वस्मृतीवर विसंबून सांगत होतो.

ही टाकी लेकीच्या आठव्या वाढदिवसाची. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. पाणी साधारण साठ लिटर. पूर्वेच्या खिडकीखाली ती मीच हौसेने ठेवली, कारण कोवळ्या उन्हात मासे सोन्याचे दिसतात. पहिले पंधरा दिवस ते तसे दिसलेही. मग काचेवर तपकिरी थर धरला, तो ओसरला तसे हिरवे ठिपके आले, ठिपक्यांमागून केसांसारखे तंतू आले, आणि दिवाळीपर्यंत टाकीला पडक्या विहिरीची कळा आली. शेवाळ हा शब्द संस्कृत ‘शैवल’वरून आलेला. कालिदासाने शाकुंतलात ह्या शैवलाला कमळाच्या शेजारी बसण्याचा मान दिला आहे. पण कालिदासाकडे भाऊबीजेला नणंदा-भावजया यायच्या नव्हत्या.

“अरे, तुळशीवृंदावनाला गेरू लावलास, त्या डबक्याचं काय?” आई म्हणाली.

मी दुकान गाठले. आमच्या भागात माशांचे एक बऱ्यापैकी दुकान आहे. मालक माणूस गोड. माझी हकिगत ऐकून तो हसला. “सर, तुम्ही कशाला हात ओले करता? एक सकर सोडा. काच चाटूनपुसून लख्ख करतो.”

आणि त्याने पिशवीत घालून दिले ते दोन इंचांचे काळपट ध्यान. अंगावर खवल्यांऐवजी चिलखत, पाठीवर होडीच्या शिडासारखा पर, आणि तोंड हनुवटीच्या खाली, गोल, चोखणीसारखे. काचेला ते लावून तो जो चिकटला तो चिकटलाच. पगार नाही, रजा नाही, दिवाळीला बोनस नाही. असा गडी मिळाल्याच्या आनंदात मी घरी आलो. भाऊबीजेपर्यंत समोरची काच खरोखरच स्वच्छ झाली. पाहुण्यांत मी त्याचे कौतुकही केले.

वाचकहो, माझी चूक इथेच झाली, आणि ती माझ्यासारख्या पुष्कळांची होते म्हणून हा प्रपंच. मी दुकानात जाऊन ‘शेवाळ खाणारा मासा द्या’ असे म्हणालो. हे म्हणजे औषधाच्या दुकानात जाऊन ‘दुखण्यावरचे औषध द्या’ म्हणण्यासारखे झाले. कोणते शेवाळ, केवढी टाकी, आत आधी कोण राहते, आणि हा पाहुणा मोठा झाला म्हणजे केवढा होणार, ह्यांतले मी काही विचारले नाही आणि त्याने काही सांगितले नाही.

सहा महिन्यांत सकर पाच इंचांचा झाला. लहानपणी तो शेवाळावर तुटून पडत असे. वाढत्या वयाबरोबर त्याला इतर माशांच्या गोळ्यांची चव लागली आणि शेवाळाकडे त्याने पाठ फिरवली. वाळूवर त्याच्या विष्ठेचे लांबच लांब दोरे पडू लागले. शेवाळ मात्र पुन्हा वाढले, पहिल्यापेक्षा जोमाने. मी पुन्हा दुकानात.

ह्या वेळी त्याने सोनेरी रंगाचा एक सडपातळ मासा दिला. नाव ‘चायनीज अल्गी ईटर’. वास्तविक हा मासा आग्नेय आशियातला, थायलंड-लाओसकडच्या नद्यांचा. त्याला चिनी का म्हणतात हे म्हणणाऱ्यांनाच ठाऊक. त्याची एक रचना मोठी विलक्षण आहे. दगडाला तोंड चिकटवून बसले तर श्वासाचे पाणी घ्यायचे कुठून? म्हणून त्याच्या कल्ल्याला वरच्या अंगाला पाणी आत घेण्याची निराळी वाट असते. तोंड कामात, श्वास चालू. लहानपणी हाही गुणी असतो. पुढे तो तापट होतो, टाकीत आपली हद्द आखतो, आणि चपट्या अंगाच्या संथ माशांच्या कुशीला चिकटून त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर चोखू लागतो.

आमच्याकडे एंजल माशांची एक जोडी होती. लेकीची लाडकी. एके सकाळी त्यांतल्या एकीच्या कुशीवर रुपयाएवढा लाल व्रण दिसला. आम्हाला वाटले रोग. मी बाटलीतले निळे औषध आणले. रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा टॉर्चच्या उजेडात काय ते कळले. सोनेरी मासा तिला चिकटलेला होता आणि ती त्याला घेऊन फिरत होती. चौथ्या दिवशी ती गेली. लेकीने तिला कुंडीत पुरले, आणि मला एवढेच विचारले, “बाबा, तुम्ही आणायच्या आधी बघितलं नाही का?” त्या प्रश्नाला प्राध्यापकाजवळ उत्तर नसते. सोनेरी मासा दुकानदाराने परत घेतला, एवढे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

सकर मात्र तो घेईना. दीड वर्षात तो नऊ इंचांचा झाला होता. टाकीची रुंदी एक फूट. तो वळायचा म्हणजे एस.टी. डेपोत गाडी वळवावी तसा मागेपुढे करीत वळे. शेपटीच्या एका फटक्यात झाडे उपटून वर येत. “सर, एवढा मोठा कोण घेणार? नदीत सोडा की. सगळे तेच करतात.” आईचेही मत तेच पडले, फक्त तिच्या बोलण्यात पुण्याचा भाग होता. “मुका जीव आहे. मोकळ्या पाण्यात सोडून ये, दुवा देईल.” रविवारी सकाळी स्टीलची बादली घेऊन मुठेवर जायचे असे ठरले. खरे सांगतो, त्या बेताने मला अगदी हलके वाटू लागले होते.

शनिवारी संध्याकाळी एम. ए.चा एक विद्यार्थी लघुप्रबंधावर सही घ्यायला आला. मुलगा इंदापूर तालुक्यातला, उजनीच्या पाण्याकाठचा; घरी दोन पिढ्या मासेमारी. सही करता करता मी उद्याचा बेत सांगितला. तो उठून टाकीपाशी गेला आणि बराच वेळ वाकून पाहत राहिला.

“सर, हा सकर ना? आमच्याकडं हाच येतो जाळ्यात.”

मला ते खरे वाटेना. दक्षिण अमेरिकेतला मासा भीमेत कुठून येणार?

“तुमच्यासारख्यांकडूनच की, सर.” तो रागाने बोलला नाही. त्याने नुसते मोजून सांगितले. मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत येते. पुण्यात पुलावरून बादली उलटी केली की ती आमच्या जाळ्यात रिकामी होते. ह्याच्या कल्ल्यांमागच्या परांना जाड काटे असतात. ते जाळ्यात असे अडकतात की मासा सोडवताना जाळे कापावे लागते. आजोबा रात्र रात्र जाळे विणत बसतात. एवढे करून बाजारात ह्याला कुत्रे विचारत नाही. अंगावर हाडाचे कवच, आत मांस मूठभर. चिलापीसुद्धा परक्या मुलखातलीच, पण ती विकली तरी जाते, असे तो म्हणाला. मग त्याने सहीचा कागद नीट घडी केला आणि तो गेला.

त्या रात्री मला झोप आली नाही असे लिहिले तर ते कादंबरीतले वाटेल. झोप आली, पण उशिरा.

सोमवारी मी आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना स्टाफरूममध्ये गाठले. त्यांनी चहा मागवला आणि जे सांगितले त्याने माझा उरलासुरला हलकेपणाही गेला. दुकानात सकर म्हणून विकला जातो तो बहुधा टेरिगोप्लिक्थिस ह्या गटातला असतो आणि दीड फुटापर्यंत वाढतो. पाण्यातला प्राणवायू कमी पडला तर वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून ती शोषून घेतो, त्यामुळे घाण पाण्यातही मरत नाही. काठाच्या मातीत हातभर लांब बिळे खणतो. आत अंडी, आणि दाराशी नर राखणीला. काठ त्या बिळांनी खचतात. मेक्सिकोतल्या इन्फिएर्नीयो धरणात तिलापियाची, म्हणजे आपल्या चिलापीच्याच भाईबंदांची, मोठी मासेमारी होती. हे चिलखती मासे तिथे माजले आणि जाळ्यात चिलापीऐवजी तेच भरू लागले. भारतातही केरळ, तामिळनाडू, आंध्र, बंगाल इथल्या पाण्यांत ते सापडले आहेत. “आणि ह्यांतला एकही तिथे आपल्या पायांनी गेला नाही,” असे ते म्हणाले. प्राणिशास्त्रज्ञाने माशाच्या पायांबद्दल बोलावे हे मला गंमतीचे वाटले, पण हसण्याची ती वेळ नव्हती.

एरवी ह्या सदरात मला दीड रकाना मिळतो. दिवाळी अंकात संपादक हात सैल सोडतात, म्हणून त्यांनी मला दिलेली शिकवणी थोडी सविस्तर सांगतो. त्यांचा पहिला प्रश्न माशाबद्दल नव्हताच. टाकी कुठे आहे? खिडकीखाली. दिवा किती तास? सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत. खाणे किती वेळा? आई दोनदा, लेक दोनदा, आणि मी कोणी पाहत नसताना एकदा. त्यांनी कपाळाला हात लावला. शेवाळाला लागते काय, तर उजेड आणि खत. उरलेले खाणे कुजते, माशांची विष्ठा कुजते, त्यांचे शेवटी नायट्रेट होते, आणि ते झाडाला तसे शेवाळालाही चालते. आता त्यात शेवाळ खाणारा मोठा मासा आणून सोडला तर काय होणार? त्याने खाल्लेले शेवाळ नाहीसे होत नाही; खत होऊन पुन्हा पाण्यात उतरते. शिवाय त्याच्यासाठी म्हणून टाकलेल्या गोळ्या वेगळ्या. “तुम्ही झाडूवाला ठेवलात, आणि तोच घरात सर्वांत जास्त कचरा करतो,” ते म्हणाले.

तेव्हा आधी टाकी खिडकीपासून हलवायची, दिवा सात तासांवर आणायचा, खाणे दिवसातून एकदा आणि दोन मिनिटांत संपेल एवढेच, दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलायचे. नळाचे असेल तर क्लोरीन काढून. काच आपल्या हाताने घासायची. बँकेचे जुने झालेले प्लॅस्टिकचे कार्ड ह्या कामाला उत्तम. हे सगळे दोन महिने केल्यावर जे शेवाळ उरेल, त्याच्यापुरताच मासा निवडायचा.

आणि मासा निवडायचा तो शेवाळाची जात ओळखून. नव्या टाकीतला तपकिरी थर बहुधा आपोआप ओसरतो. नच ओसरला तर ओटोसिंक्लस नावाचा दीड इंची मासा तो आवडीने खातो. हाही दक्षिण अमेरिकेतलाच, सकरचा दूरचा भाऊबंद, पण स्वभावाने गरीब आणि जन्मभर लहान. त्याची अडचण एकच, तो उपासाने मरतो. बहुतेक ओटो रानातल्या पाण्यातून पकडलेले असतात, आणि दुकानात पोचेपर्यंत त्यांची पोटे पाठीला लागलेली असतात. म्हणून काचेला चिकटलेला असताना त्याचे पोट खालून पाहायचे. गोल दिसले तरच घ्यायचा, एकटा कधी घ्यायचा नाही, आणि नव्या कोऱ्या टाकीत तर नाहीच.

काळ्या दाढीसारखे झुपके पानांच्या कडांना धरले असतील तर सयामीज अल्गी ईटर. ते झुपके खाणारा हा विरळाच. परंतु त्याच्या नावावर दुकानात तोतये फार. खऱ्याची ओळख अशी, की अंगावरचा काळा पट्टा शेपटीच्या टोकापर्यंत जातो आणि पर काचेसारखे पारदर्शक असतात. परांवर रंगीत किनार दिसली तर तो फ्लाइंग फॉक्स, आणि तोंड चोखणीचे असेल तर तो आमच्या एंजलचा मारेकरी. खरा सापडला तरी तो पाच-सहा इंचांचा होतो. दोन फुटी टाकीत त्याची कुचंबणाच. सकरचीच ठेवण हवी असेल तर ब्रिसलनोज, तोही पाच इंचांच्या आसपास थांबतो. नराच्या नाकावर मांसल मिशा येतात, आणि त्याला खरवडायला लाकडाचा ओंडका लागतो. मऊ तंतूंना आपली दुकानोदुकानी मिळणारी काळी मोलीसुद्धा टोचत असते. तिची किंमत कमी म्हणून तिला कोणी विचारत नाही. मात्र तिला पिले फार होतात, आणि पिलांचे काय करायचे हा पुन्हा बादलीचाच प्रश्न.

काचेवरच्या कडक हिरव्या ठिपक्यांना मासा दाद देत नाही. तिथे नेराइट गोगलगाय किंवा आपले कार्ड. पाणीच हिरवे झाले तर ते चाटणार कोण? आणि निळसर हिरवी, कुबट वासाची साय धरली तर ते मुळात शेवाळच नव्हे, जीवाणूंचा थर. त्याला कोणताच मासा तोंड लावत नाही.

“आपल्या नद्यांत असा मासा नाही का?” मी विचारले. स्वदेशीची जुनी खोड, दुसरे काय. ते उठले आणि एक पुस्तक घेऊन आले. गारा मुल्या. बोटभर ते वीतभर मासा, तोंडाखाली चकतीसारखी चोखणी, सह्याद्रीच्या ओढ्यांतल्या दगडांवरचे शेवाळ खरवडून जगणारा. पायांची मृत कातडी खायला ज्या तुर्की माशांना हल्ली टबात ठेवतात, त्यांचा हा सख्खा चुलतभाऊ. आणि ‘मुल्या’ हा शब्द लॅटिन नव्हे. मुंबई सरकारच्या नोकरीत राहिलेल्या कर्नल साइक्सने 1839 मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा पुष्कळ माशांना त्याने इथल्या लोकांच्या तोंडचीच नावे दिली. खुद्री, कोळस, नुक्ता, मुल्या. मी तर भारावून गेलो. वीस-बावीस वर्षे मराठी शिकवतो आहे, आणि भीमाकाठच्या कोणा भोयाने उच्चारलेला शब्द जगभरच्या शास्त्रग्रंथांत तिरप्या अक्षरांत छापला जातो, हे मला स्टाफरूमच्या बाकावर कळावे! मुल्या म्हणजे मळ्या असेल काय, दगडाचा मळ खाणारा म्हणून? व्युत्पत्ती मोहक आहे, आणि मोहक व्युत्पत्ती बहुधा खोटी असते, म्हणून तिचा आग्रह धरत नाही.

मी लगेच मुल्या पाळायला निघालो होतो. त्यांनी थांबवले. त्याला वाहते, थंड, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. साठ लिटरच्या उभ्या पाण्यात एप्रिलमध्ये त्याचे हाल होतील. आणि ओढ्यातून उपसून आणायचा तर दुकानदारात आणि माझ्यात फरक काय उरला?

टाकी हलवली. आईला दिवसातून एकदाच खाणे घालायचे पटवणे हे त्यातले सर्वांत अवघड काम होते. “उपाशी ठेवतोस मुक्या जिवांना” हे वाक्य मी महिनाभर ऐकले. दोन महिन्यांनी काच बरीच निवळली. मग लेकीला घेऊन दुकानात गेलो. मोबाइलवर फोटो उघडून तिने पिशवीतला एकेक ओटो खालून न्याहाळला आणि दोन परत केले. दुकानदार म्हणाला, “सर, ताई फार चोखंदळ आहेत.” सहा घेतले. एक पहिल्या आठवड्यात गेला, पाच अजून आहेत. दर रविवारी मी कार्डाने काच घासतो, ते माझ्या मागून पुसून घेतात.

सकरची सोय प्राणिशास्त्र विभागात झाली. तिथे सहा फुटी टाकी आहे. बादलीतून त्याला रिक्षाने नेताना रिक्षावाल्याने तीनदा मागे वळून पाहिले. आता तो सव्वा फुटाचा आहे. शनिवारी माझे तास लवकर संपतात. डब्यातल्या काकडीचा तुकडा मी त्याच्यासाठी राखून ठेवतो. गेल्या महिन्यात टाकीपाशी उभा होतो तर मागे तो इंदापूरचा विद्यार्थी. आता तो नेटच्या परीक्षेच्या तयारीत आहे. बराच वेळ तो काचेतून पाहत राहिला.

“सर, आमच्याकडं ह्याला कुणी काकडी घालत नाही.”

मी डबा त्याच्यापुढे केला. त्याने दोन फोडी उचलल्या, एक तोंडात टाकली, आणि दुसरी, जरा विचार करून, पाण्यात सोडली.